घराला मत आडवे आले

दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून आपल्या गावोगावच्या आयाबहिणी रांग लावून आडव्या बाटलीला मत देतात, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. थेट मतदान म्हटले की आपल्याला तेच आठवते. अमेरिकेतील पुष्कळ शहरांत ही सोय याहून बरीच मोठी आहे. नगरपरिषदेचा ठराव पसंत नसेल तर पुरेशा मतदारांच्या सह्या गोळा करायच्या आणि तो ठराव सार्वमताला न्यायचा. लोकांचे राज्य, लोकांचा निर्णय! ऐकायला फार गोड. परंतु ओहायो राज्यातील कायाहोगा फॉल्स या शहरात १९९६ साली मतपेटीपुढे उभे केले गेले ते दारूचे दुकान नव्हते. ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बांधायची ७२ घरे होती.

नफा न कमावणाऱ्या एका संस्थेने १९९५ साली तेथे जमीन घेतली होती. कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंसाठी घरे बांधली तर सरकार करात सवलत देते, त्या योजनेतून हे काम व्हायचे होते. जमीन अशा इमारतींसाठीच राखलेली होती. नियोजन मंडळाने अटी घातल्या. एका बाजूला मातीचा बांध घाला, कुंपण घाला. संस्थेने त्या मान्य केल्या. आराखडा शहराच्या सगळ्या नियमांत बसत होता, म्हणून नगरपरिषदेने मंजुरीचा ठराव केला.

तरीही सभांमधून विरोध सुरूच राहिला. कोणी म्हणे गुन्हे वाढतील, कोणी म्हणे अमली पदार्थ येतील. काहींची तक्रार तर अशी की, मुलेबाळे असलेली कुटुंबे राहायला येतील! (मुलेबाळे असणे हाही गुन्हा ठरावा, याला काय म्हणावे?) आणि एक वाक्य असे निघाले की त्यात सगळे आले: प्रँज ड्राइव्हवर राहतात तशी वस्ती येथे होईल. प्रँज ड्राइव्ह ही त्या शहरातील कृष्णवर्णीयांची एकमेव वस्ती. खोली पाहायला गेल्यावर आधी आडनाव विचारले जाते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

सह्या जमल्या, अर्ज दाखल झाला. शहराच्या सनदेप्रमाणे मतदान होईपर्यंत ठराव अमलात येत नाही. संस्था बांधकाम परवाना मागायला गेली तेव्हा शहर अभियंत्याने नकार दिला. नोव्हेंबर १९९६ मध्ये मतदान झाले आणि मतदारांनी मंजुरी रद्द केली. सगळे नियम पाळूनही घरे अडकली.

संस्था न्यायालयात गेली होतीच. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने आधी सार्वमत योग्य ठरवले, पण फेरविचार करून १९९८ साली ते बेकायदा ठरवले. यामागचा मुद्दा प्रत्येक कामगार कुटुंबाने समजून घेण्याजोगा आहे. नियम करणे वेगळे आणि केलेला नियम एखाद्याला लागू करणे वेगळे. रेशनकार्ड कोणाला मिळावे याचा नियम करताना लोकांनी खुशाल वाद घालावा, मत द्यावे. पण नियमात बसणाऱ्या एका बाईच्या हातात कार्ड द्यायचे की नाही, हे तिच्या गल्लीने हात वर करून ठरवायचे नसते. ओहायोच्या राज्यघटनेने सार्वमताचा अधिकार दिला तो नियम करण्याच्या कामापुरता. आराखडा मंजूर करणे हे नियम लागू करण्याचे काम. मग परवाने निघाले आणि बांधकाम सुरू झाले.

झालेल्या विलंबाबद्दल आणि भेदभावाबद्दलचा दावा मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. तेथे २००३ साली निकाल एकमताने शहराच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी निकालपत्र लिहिले. सह्या गोळा करताना खासगी माणसे काय बोलली यावरून शहराच्या कारभाराचा हेतू वाईट होता असे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुरावा मागणे हे न्यायालयाचे कामच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मतपेटीत पडणाऱ्या मतावर कारण कधी लिहिलेले असते काय?

ओहायोत निदान हा प्रकार एका ठरावापुरता होता. कॅलिफोर्निया राज्याने तर १९५० साली मतदान घेऊन आपल्या राज्यघटनेतच कलम घातले की, सरकारी संस्थेला कमी भाड्याची घरे उभारायची असतील तर आधी स्थानिक मतदारांची बहुमताने संमती हवी. श्रीमंतांच्या बंगल्यांना अशी अट नाही! हे कलम १९७१ साली सर्वोच्च न्यायालयात टिकले, कारण त्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले. ते लिहिणारे होते थरगुड मार्शल, त्या न्यायालयातील पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. हे कलम गरिबांना उघडपणे वेगळे काढते, हे त्यांनी स्पष्ट दाखवून दिले.

ते कलम काढून टाकावे किंवा सैल करावे, असे प्रस्ताव १९७४, १९८० आणि १९९३ साली मतदारांपुढे आले. तिन्ही वेळा मतदारांनी ते फेटाळले.