फोटोला मायना नसतो

शाळेच्या शताब्दीचा मांडव आठवून पाहा. व्यासपीठावर पाहुण्यांचे सत्कार एकामागून एक चाललेले असतात आणि गर्दी असते मांडवाच्या कडेला, जुन्या फोटोंच्या बोर्डांपाशी. सातवीची कुठलीशी तुकडी, मधे खुर्चीवर टोपीवाले मास्तर, पुढे मांडी घालून बसलेली पोरं. काठी टेकत आलेले एक आजोबा काचेवर बोट ठेवतात. "हा मी. हा आमच्या आळीतला, पुढे मुंबईला गिरणीत लागला. आणि हा..." बोट तिथेच थांबतं. शेजारचा एक नाव सुचवतो. तिसरा म्हणतो, छे, तो आमच्या मागच्या वर्गातला. दहा मिनिटांत एका फोटोभोवती अर्धं गाव जमतं आणि मास्तरांच्या छडीपासून पडलेल्या वाड्यापर्यंत सगळं निघतं. रात्री मांडव उतरतो, बोर्ड वर्गाच्या मागच्या खोलीत जातात. त्या दहा मिनिटांत निघालेली नावं मात्र कुणी लिहून घेतलेली नसतात.

गावाचा इतिहास जपणाऱ्या आपल्याकडच्या मंडळांचा आढावा घ्यायचा तर त्या राहून गेलेल्या नावांपासून सुरुवात करावी लागते.

कागदाचा मान

महाराष्ट्रात स्थानिक इतिहासाचं वेड आलं ते कागदाच्या वाटेने. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी वाईला मिळालेल्या पत्रांतून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. पुढे असे बावीस खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. धुळ्यात त्याआधीच, १८९३ मध्ये, शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभा सुरू केली होती आणि समर्थ संप्रदायाची बाडं मठामठांतून गोळा होत होती. १९२६ च्या अखेरच्या दिवशी राजवाडे धुळ्यातच वारले आणि त्यांचं काम पुढे नेण्यासाठी त्या गावात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांचं दप्तर चाळत होते. साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी कागद, चित्रं आणि वस्तू जमवल्या. तो संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

ही माणसं ज्या काळात हिंडली तेव्हा जुन्या दप्तरांना वाळवी तरी लागत होती, नाहीतर पुड्या तरी बांधल्या जात होत्या. त्यांनी वाचवलं म्हणून ते वाचलं. त्यांच्या लेखी साधन म्हणजे कागद, आणि त्याला सबळ कारण होतं. मराठी पत्र स्वतःची ओळख स्वतः सांगतं. वर श्रीकार, मग मायना, त्यात लिहिणारा कोण आणि कुणाला लिहितोय ते, पुढे तिथी, चंद्र, शेवटी मोर्तब. साल घातलेलं नसलं तरी तिथी आणि वार जुळवून जाणकार ते काढतो. अशा कालनिर्णयावर आपल्या संशोधकांनी एकमेकांशी वर्षानुवर्षं वाद घातले आहेत.

फोटोला मायना नसतो. समोरचा माणूस कोण, गाव कुठलं, लग्न कुणाचं, यातलं काहीच फोटो आपणहून सांगत नाही. सांगणारा माणूस गेला की फोटोही मुका होतो.

कॅमेरा आधीच आला होता

गंमत अशी, की मंडळं निघाली त्याच्या कितीतरी आधी कॅमेरा आपल्याकडे रुळला होता. १८३९ मध्ये पॅरिसला डागेरच्या शोधाची घोषणा झाली आणि पुढच्या काही वर्षांत ते तंत्र हिंदुस्थानात पोचलं. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या पहिल्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतःच फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ थाटला. म्हणजे पुण्याचं मंडळ स्थापन होण्याच्या अर्धशतक आधी मराठी माणसाच्या हातात कॅमेरा होता.

त्याच काळात सरकारनेही कॅमेरा हाती घेतला होता. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड प्रसिद्ध झाले. त्यांतल्या बहुतेक फोटोंखाली जात किंवा जमात छापली आहे आणि माणसाचं नाव नाही. कॅमेऱ्यापुढे उभा राहिलेला माणूस कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी भाऊ होता. खंडांत तो नमुना म्हणून गेला. नोंद कुणी लिहायची आणि कशासाठी, यावर फोटोचा अर्थ कसा बदलतो याचं याहून बोचरं उदाहरण शोधायला नको.

आपल्या घरातही वेगळं काय होतं? जुन्या कुटुंबाच्या ग्रुप फोटोखाली पुरुषांची नावं पदव्यांसकट असतात: बी. ए., एलएल. बी., मामलेदार. बायकांच्या रांगेखाली 'सौ.' एवढंच, नाहीतर तेही नाही. आणि स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेण्याची ऐपत ज्यांची नव्हती, त्यांचा चेहरा गावाच्या प्रदर्शनात येणार कुठून? बोर्डावर वाडे दिसतात, वाडा बांधणारे गवंडी दिसत नाहीत.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते मोलाचे आहेत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि पाहता पाहता गिरणगावच बदलून गेलं. त्या गिरणगावच्या माणसांकडून त्यांच्याच तोंडून हकिकती ऐकून मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये ग्रंथ केला. चाळ, व्यायामशाळा, खानावळ, लाल बावट्याच्या सभा हे सगळं त्यात आलं. सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांचं आयुष्य वर्षानुवर्षं कॅमेऱ्यात टिपलं. ज्यांचे फोटो कुठल्याच वाड्याच्या भिंतीवर नव्हते त्यांचा इतिहास असा उभा राहतो. स्थानिक मंडळांनी यातून घ्यायचं ते हे, की संग्रहात कोण नाही याचीही यादी ठेवावी.

पाण्याखालची आणि ढिगाऱ्याखालची गावं

काही ठिकाणी फोटोच गाव असतो. भीमेवरच्या उजनी धरणाने इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव पोटात घेतलं. गाव उठून वरच्या अंगाला वसलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं आणि माणसं ते पाहायला जातात. देऊळ दगडाचं म्हणून टिकलं. गल्ली, पार, आड, चावडी यांचं काय? ती आता ज्यांनी पाहिली त्यांच्या डोळ्यांत आहेत आणि कुणाच्या ट्रंकेत फोटो असेल तर त्या फोटोत.

१२ जुलै १९६१ ला पानशेत आणि पाठोपाठ खडकवासल्याचं धरण फुटलं. मुठेचं पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत घुसलं. त्या घरांतलं काय काय वाहून गेलं याचा पंचनामा झाला. अल्बमचा पंचनामा कुणी करत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवावी लागली. तिथल्या आजच्या पोरांना जुनं गाव दाखवायचं तर दगडमातीच्या माळवदाच्या घरांपुढे काढलेला एखादा लग्नाचा फोटोच हाती लागतो. नवरा-नवरी मधे असतात, पाहणाऱ्याची नजर त्यांच्या मागच्या भिंतीकडे जाते.

गाव सोडून दूर गेलेल्यांचीही हीच कथा. कोकणातले बेने इस्राएली १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावं घ्या. गाव पाण्यापलीकडे राहिलं तरी आडनावात मुक्कामाला आलं. त्यांच्या जुन्या फोटोंतल्या नऊवारी साड्या पाहिल्या की अलिबागच्या बाजारातली कुणीही बाई त्यांना आपल्यातलं म्हणेल. कोकणातल्या एखाद्या मंडळाने आपलं प्रदर्शन मांडताना या माणसांना पत्र घालावं, इतका हा धागा जवळचा आहे.

सभा, फेरी आणि सत्कार

फोटो जमले तरी ते कपाटात राहून उपयोगाचे नाहीत. पुण्याच्या मंडळाने पाक्षिक सभांची परंपरा चालवली. कुणीतरी एखादा कागद घेऊन उभा राहायचा, वाचायचा, बाकीचे प्रश्न विचारायचे. ही शिस्त फोटोला लावता येते. एका संध्याकाळी एकच फोटो पडद्यावर लावावा, गावातल्या पाच म्हाताऱ्या माणसांना पुढच्या खुर्च्या द्याव्यात आणि कॉलेजातल्या दोन मुलांना वही घेऊन बसवावं. व्याख्याता लागत नाही. खर्च चहाचा.

वारसा फेऱ्या आता शहरोशहरी निघतात. फेरीत जुना फोटो हातात घेऊन त्याच कोपऱ्यावर उभं राहण्याची मजा काही और असते: टांगा स्टँड कुठे होता ते कळतं, पिंपळ कधी तोडला यावर भांडण होतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्येच संग्रहालय मांडून ते शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत नेलं. लोक संग्रहालयात येत नसतील तर संग्रहालयाने एसटीच्या वाटेने जावं, हा विचार लहान मंडळांनाही परवडणारा आहे. बस नसेल तर आठवडे बाजाराचा दिवस आहे, जत्रा आहे, गणपतीचा मांडव आहे.

याउलट काय चालत नाही, तेही सांगायला हवं. बरीच मंडळं वर्षाला एक सोहळा करतात. त्यात शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय भाषण आणि आभार यांत तीन तास जातात. प्रदर्शनाचं उद्घाटन होतं, फीत कापणाऱ्यांचे फोटो निघतात. पुढच्या वर्षी फीत कापणाऱ्यांचेच फोटो संग्रहात जास्त भरतात.

जतनाचा हिशेब

फोटो टिकवण्याचं शास्त्र अवघड नाही, पण आपल्या सवयी त्याच्या उलट आहेत. फाटलेल्या फोटोला आपण चिकटपट्टी लावतो. ती पिवळी पडते आणि फोटोला घेऊन सुटते. लॅमिनेशन करतो, ते परत निघत नाही. चिकट पानांच्या अल्बममध्ये घालतो, तिथून फोटो सोडवताना पापुद्रा येतो. कोकणात दमट हवेची बुरशी, देशावर धूळ आणि ऊन. उपाय साधे आहेत: कोरडी, अंधारी जागा, आम्लरहित कागदाचं पाकीट आणि वर्षातून एकदा उघडून पाहणं. फोटोला हात लावायचा तो कडेने.

स्कॅन करताना निदान ६०० डीपीआय ठेवावा. मोठी मूळ फाइल वेगळी जपावी, तिच्या तीन प्रती तीन जागी असाव्यात आणि लोकांना पाठवायची ती लहान प्रत निराळी. फोटोची पाठही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, शाईतली तारीख, कुण्या मावशीचं अक्षर पाठीवरच असतं. हल्ली गावाच्या ग्रुपवर जुने फोटो रोज येतात आणि लोक हळवे होतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोची पाठ येत नाही. तीन गावं फिरून आलेला फोटो चौथ्या गावात चौथ्याच माणसाच्या नावाने प्रसिद्ध होतो. त्यात आता संगणक काळ्यापांढऱ्या फोटोला रंग भरून देतो. हौस म्हणून ते ठीक आहे. मात्र लुगड्याचा तो हिरवा रंग संगणकाचा अंदाज आहे, हे खाली लिहायला हवं. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी त्यावरून त्या काळच्या पेहरावाबद्दल निबंध लिहील.

आणखी एक जबाबदारी. घरातला फोटो मंडळाला देणाऱ्याकडून लेखी संमती घ्यावी, मूळ प्रत परत करावी, छापताना ऋणनिर्देश करावा. फोटो जवळ असणं आणि त्यावर हक्क असणं या कायद्यात वेगळ्या गोष्टी आहेत. विश्वास एकदा गेला की गावातली पुढची ट्रंक उघडत नाही.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारलं. दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू त्यांनी जन्मभर जमवल्या. रोजच्या वापरातला अडकित्ता संग्रहालयात जाऊ शकतो हे त्यांनी मराठी माणसाला पटवून दिलं. घरच्या फोटोबद्दल ते पटायला अजून वेळ लागतो आहे. प्रसिद्ध माणसाचा फोटो आपण जपतो, आत्याच्या मंगळागौरीचा फोटो रद्दीत जाऊ शकतो.

राजवाड्यांच्या पिढीने कागद वाचवले तेव्हा ते लिहिणारे जाऊन शंभर-दोनशे वर्षं झाली होती. तरी मायना होता म्हणून काम निभावलं. आपल्या हातातले फोटो तितके जुने नाहीत. त्यांतली माणसं ओळखणारं कुणीतरी अजून घरात आहे, ओटीवर बसलं आहे, दुपारी त्यांना वेळही असतो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली आलीच असेल. ती परत वर टाकण्याआधी घरातल्या सगळ्यात वडील माणसाला शेजारी बसवा, मऊ शिसाची पेन्सिल घ्या आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर, कडेला, दाब न देता लिहा: कोण, कुठे, कधी, आणि हे सांगितलं कुणी. बायकांची नावं माहेरच्या नावासकट लिहा.