रिले तपासणाऱ्यांची पदवी

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत विजेच्या शिक्षणाच्या दोन वेगळ्या चार वर्षांच्या पदव्या मिळतात: इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात तर दोन्ही एकाच आवारात शिकवल्या जातात. ‘एबेट’ ही संस्था दोन्हींना मान्यता देते, पण त्यासाठी तिचे दोन स्वतंत्र आयोग आहेत आणि त्यांचे निकषही निराळे आहेत. आपल्याकडचा बी.टेक. यांतल्या पहिल्या पदवीच्या जातीचा. दुसरीला आपल्याकडे नेमका जोड नाही. त्यामुळे तिच्याकडे पाहणाऱ्या मराठी पालकाचा गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. कुणाला ती बी.टेक.च वाटते, तर कुणाला नापास होणाऱ्यांसाठी काढलेली पळवाट. माझ्या मते ती एका खऱ्या आणि अवघड विद्येची पदवी आहे. तिच्यात जे उणे आहे ते अभ्यासक्रमापेक्षा परवान्याच्या कायद्यात जास्त आहे.

ती जन्मली कशी, हे पाहिले की पळवाटेचा आरोप टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारसारखी कामे मुख्यतः भौतिकशास्त्रज्ञांनी तडीस नेली आणि इंजिनिअरांचे मूलभूत विज्ञान कच्चे आहे, ही टोचणी अमेरिकेला लागली. 1955 साली लिंटन ग्रिंटर यांच्या समितीने अभ्यासक्रमात विज्ञान आणि गणित वाढवण्याची शिफारस केली. इंजिनिअरिंगचे शिक्षण विज्ञानप्रधान आणि व्यवसायप्रधान अशा दोन वाटांत विभागावे, असेही या समितीच्या प्राथमिक मसुद्यात होते. महाविद्यालयांनी ते नाकारले आणि अंतिम अहवालात ती सूचना उरली नाही. पण गरज कुठे जाणार? इंजिनिअरिंगच्या वर्गात समीकरणे वाढली, कार्यशाळेचे तास घटले, आणि कारखान्यांना तर यंत्र जोडून, तपासून, चालू करून देणारी माणसे हवीच होती. दोन वर्षांच्या तांत्रिक संस्थांमधून पुढे चार वर्षांचे टेक्नॉलॉजीचे अभ्यासक्रम उभे राहिले ते या रिकाम्या जागेत. कागदावर नाकारलेली विभागणी अशी प्रत्यक्षात झालीच.

या पदवीत शिकायचे काय, ते उपकेंद्रातल्या एका ट्रान्सफॉर्मरवरून नीट कळते. ट्रान्सफॉर्मरच्या आत बिघाड झाला तर तो तत्काळ बंद व्हावा म्हणून डिफरन्शियल रिले बसवतात. आत जाणारा आणि बाहेर पडणारा प्रवाह गुणोत्तराच्या हिशेबाने जुळतो की नाही, एवढेच तो बघत असतो. जुळला नाही की ब्रेकर ट्रिप. पण बंद ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना लोखंडी गाभा क्षणभर चुंबकीयदृष्ट्या भरून जातो आणि एकाच बाजूने नेहमीच्या आठ-दहापट प्रवाह खेचला जाऊ शकतो. रिलेला तो बिघाडच वाटेल. या प्रवाहात मूळ वारंवारितेच्या दुप्पट वारंवारितेचा अंश मोठा असतो, म्हणून तो ठरावीक मर्यादेपलीकडे, बहुधा 15 टक्क्यांच्या आसपास, गेला तर ट्रिप रोखायची अशी सोय रिलेत करतात. हे सूत्रातून सिद्ध करणे ही एक विद्या झाली. ती मर्यादा त्या विशिष्ट ट्रान्सफॉर्मरला लागू पडते का हे पाहणे, प्रवाह मोजणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरांचे, म्हणजे सीटींचे, गुणोत्तर पडताळणे, सेकंडरी इंजेक्शन टेस्ट घेऊन रिले किती वेळात उचलतो हे मोजणे ही दुसरी. एका सीटीची जोडणी उलटी झाली, तर सगळी गणिते बरोबर असूनही भार येताच ट्रान्सफॉर्मर ट्रिप होतो आणि एक अख्खे गाव अंधारात जाते. हा दोष समीकरणात दिसत नाही; तो शोधायला पद्धतशीर शिक्षण लागते, आणि नुसत्या सवयीने ते येत नाही.

या पदवीवरचा पहिला आक्षेप गणिताचा. टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्याला कमी गणित येते, म्हणून त्याची समज उथळ, असे म्हणतात. गणित कमी असते, हे खरे. इंजिनिअरिंगच्या मान्यतेसाठी गणित आणि मूलभूत विज्ञान मिळून किमान 30 क्रेडिट लागतात आणि विद्युत शाखेत डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनिअर अल्जिब्रा यांसारखे विषय अपेक्षित असतात. पण विद्युत टेक्नॉलॉजीच्या पदवीलाही डिफरन्शियल आणि इंटिग्रल कॅल्क्युलस सुटलेले नाही; ते सिद्धांत मांडण्यापेक्षा प्रत्यक्ष यंत्रणेचे वर्तन तपासण्याकडे वळवलेले असते. नवा अँटेना किंवा नवी चिप रचायची असेल, पीएच.डी. करायची असेल, तर हे गणित पुरणार नाही, आणि त्या मुलाने ही पदवी निवडू नये. संरक्षण, नियंत्रण, चाचणी, देखभाल या क्षेत्रांत मात्र हीच मांडणी उपयोगाची ठरते. 2001 सालच्या सिडनी कराराने टेक्नॉलॉजिस्टच्या शिक्षणाला देशोदेशी परस्पर मान्यतेची स्वतंत्र चौकट दिली, तीही हे काम वेगळे आहे हे ओळखूनच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो परवान्याचा. सार्वजनिक कामाच्या नकाशांवर सही करायला अमेरिकेत प्रोफेशनल इंजिनिअरचा परवाना लागतो आणि तो राज्ये देतात. काही राज्ये टेक्नॉलॉजीच्या पदवीधराला तो देतच नाहीत. टेक्सससारखी राज्ये चारऐवजी आठ वर्षांचा अनुभव मागतात. कारखान्यात किंवा वीज कंपनीत नोकरी करणाऱ्या बहुतेकांना हा परवाना लागत नाही, हे खरे असले तरी त्याने अन्याय मिटत नाही. परीक्षा दोघांना एकच, मग ती उत्तीर्ण होणाऱ्याला दुप्पट वर्षे थांबवायचे कारण काय? अनुभव कमी वाटत असेल तर अनुभवाची कसून तपासणी करा. ज्याला ही पदवी घ्यायची आहे, त्याने प्रवेशाआधीच आपल्या राज्याच्या मंडळाचे नियम वाचावेत आणि अभ्यासक्रमाला एबेटच्या कोणत्या आयोगाची मान्यता आहे ते पाहावे.

महाराष्ट्रात हा प्रश्न दुसऱ्या रूपात रोज समोर येतो. दहावीनंतर तीन वर्षे पॉलिटेक्निकमध्ये विद्युत डिप्लोमा केलेली मुले मोटार, स्टार्टर, रिले हाताळून आलेली असतात. पुढे शिकायचे तर मुख्य रस्ता एकच, डायरेक्ट सेकंड इयर, म्हणजे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. तिथे पहिल्याच सत्रात एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा विषय, समोर उभा राहतो, लाप्लास आणि फूरियेसकट, आणि पहिल्या वर्षाच्या गणिताचा पाया मात्र त्यांनी त्या वर्गात बसून घातलेला नसतो. जे त्यांना येते त्यावर पुढचा मजला चढवण्याऐवजी आपण त्यांना दुसऱ्याच इमारतीत पाठवतो. आणि गेले नाहीत तर महावितरणमध्ये डिप्लोमाधारक कनिष्ठ अभियंता आणि पदवीधर सहायक अभियंता, ही रेघ भरतीच्या दिवशीच आखलेली असते. चाचणी, संरक्षण आणि ऑटोमेशन यांत खोल जाणारी, विद्यापीठाच्या दर्जाची चार वर्षांची पदवी या मुलांसाठी इथेच उभी करता येईल. पण ती उभारताना टेक्ससची चूक पहिल्या दिवशीच टाळावी लागेल: बढतीच्या आणि परवान्याच्या नियमांत तिची जागा विद्यार्थी प्रवेश घेण्याआधी लिहिलेली असली पाहिजे.