भांडी परदेशी जात नाहीत

बडोद्याच्या सुभानपुऱ्यात माझे नातलग राहतात. तिथल्या कितीतरी घरांतली मुले परदेशी गेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना दिवसभराची बाई लागते. संगणकावरचे काम साता समुद्रापार पाठवता येते, धुणीभांडी नाही. मग मोलकरणीचा पगार वाढायला हवा ना? पण पोटासाठी शहरात येणाऱ्या बायकाही पुष्कळ. एकटीने घासाघीस करायची तर दुसरी दारात उभीच! एकजुटीने मात्र फरक पडतो. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप करून संघटना बांधली. कर्नाटकाने २००४ साली घरकामाचे किमान वेतन ठरवले. महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. घरकाम म्हणा की मनेगेलस, लेकाचा डॉलरमधला पगार कौतुकाने सांगताना बाईचा पगार किती वर्षांपूर्वी वाढवला, तेही आठवून पाहावे.