गुडघ्याच्या आतील पट्टा

कबड्डीत खेळाडूच्या गुडघ्यावर बाहेरून धडक बसते आणि तो आतील बाजू दाबून खाली बसतो. मार बाहेरून, मग दुखणे आत का?

मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत गुडघ्याच्या आतील बाजूने एक चपटा, चिवट पट्टा जातो. असे पट्टे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवतात. त्यांना अस्थिबंध किंवा लिगामेंट म्हणतात. या पट्ट्याचे दोन थर असतात. वरचा लांब थर सांध्याच्या खाली सुमारे ६ सेंटीमीटरवर नडगीला चिकटतो. खालचा आखूड थर गुडघ्यातील कूर्चेच्या गादीला जोडलेला असतो. गुडघा आत झुकू न देणे हे या पट्ट्याचे मुख्य काम. बाहेरून धडक बसली की तो ताणला जातो, कधी फाटतो. कधी गादीलाही इजा होते.

याला रक्तपुरवठा चांगला असल्याने तो बहुधा शस्त्रक्रियेविना भरून येतो. मात्र गुडघा चोळू नये, ओढून ‘बसवून’ घेऊ नये. विश्रांती घ्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा. गुडघा लगेच सुजला, अडकला किंवा चालताना लटपटला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना जरूर दाखवावे.