‘कट्’ आवाज आला, म्हणजे मणका बसला?

दुचाकी घसरते, पाठ आपटते, दोन दिवसांत दुखणं वाढतं आणि घरातलं कोणीतरी सांगतं, “मणका सरकलाय, बसवून घे.” पूर्वी यासाठी हाडवैद्याचा पत्ता दिला जायचा, आता सांध्यांना झटके देऊन उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरचा व्हिडिओ मोबाइलवर दाखवला जातो. मान फिरवली, ‘कट्’ झालं, माणूस हसत उठला!

कितीही वेळा सांगितलं तरी हा समज जात नाही, म्हणून पुन्हा एकदा. अपघातात मणका खरोखर सरकला असेल, तर मज्जारज्जू धोक्यात असतो. तिथे झटका देणं म्हणजे अर्धांगवायूला आमंत्रण. आणि सरकलाच नसेल, तर बसवायचं तरी काय? तो आवाजही हाडाचा नव्हे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये बोटांचे सांधे ओढताना एमआरआयने चित्रण केलं, तेव्हा आवाजाच्या क्षणी सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना दिसली.

कायरोप्रॅक्टिक सगळंच थोतांड आहे, असंही नाही. जुनाट कंबरदुखीत अशा उपचाराने साधारण व्यायामाइतकाच आराम मिळतो, असं 2019 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात दिसलं. पण ताजा मार ही वेगळी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शिकेतही मणक्याचं ताजं फ्रॅक्चर किंवा निखळणं असेल, तर झटक्याचे उपचार वर्ज्य सांगितले आहेत. मानेला दिलेल्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रोहिणी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण कमी, परिणाम भीषण.

म्हणून आधी तपासणी. शुद्धीवर असलेल्या रुग्णासाठी ‘कॅनेडियन सी-स्पाइन रूल’ 2001 पासून वापरात आहे: मार लागल्यावर वय 65 किंवा अधिक, दुचाकीची धडक, तीन फुटांवरून पडणं, हातापायांना मुंग्या, यांतलं एक जरी असलं तरी मानेचं चित्रण हवंच.

“चालत घरी आला, म्हणजे काही मोडलेलं नाही” हेही चूक. हाडं ठिसूळ झालेली आजी न्हाणीघरात घसरते, मणका दबतो, तरी ती चालते. उलट, एमआरआयमध्ये मणक्यांमधली ‘गादी सरकली’ लिहिलं म्हणून घाबरू नये, कसलंही दुखणं नसलेल्या विशीतल्या साधारण 30 टक्के लोकांतही गादी फुगलेली दिसते. फ्रॅक्चर नसेल, तर महिनाभर झोपून राहण्याने पाठ आणखी आखडते.

मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावं.