शहाद्याच्या कातळातलं निकेल आणि आकाशातून पडणारं टेट्राटीनाइट

शहाद्याहून तोरणमाळची वाट धरली की तापीकाठची खोल काळी माती मागे पडते आणि सातपुड्याचा कातळ सुरू होतो. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडींमध्ये लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले उघडे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दक्खनच्या पठारावर जे थर साचत गेले, त्यांतलेच हे. याच कातळाची क्रशरवर गिट्टी होते आणि ती रस्त्यांत, स्लॅबमध्ये, पुलांच्या खांबांत जाते. तिच्या एका टनात साधारणपणे पन्नास ते शंभर ग्रॅम निकेल असतं. म्हणजे दहा टनांचा ट्रक भरला, तर त्यातून अर्धा-एक किलो निकेल रोज आपल्यासमोरून जातं. ते डोळ्यांना दिसत नाही आणि काढायला परवडत नाही. इथे निकेलचं स्वतःचं असं खनिज नाही, ते दुसऱ्यांच्या घरात पाहुणं म्हणून राहिलेलं आहे.

असं का झालं, हे समजायला निकेलच्या दोन सवयी माहीत हव्यात. पहिली सवय अशी की आसपास वितळलेलं लोखंड असेल, तर निकेल बाकी सगळं सोडून त्याच्यात मिसळतं. दुसरी सवय लोखंड धातुरूपात नसतानाची. तेव्हा ते ऑलिव्हिन नावाच्या खनिजात शिरतं, कारण निकेलचा आयन आकाराने मॅग्नेशियमच्या आयनाच्या अगदी जवळचा आहे आणि ऑलिव्हिनमध्ये मॅग्नेशियमच्या जागा भरपूर असतात. पृथ्वीवरच्या निकेलची बहुतेक गोष्ट या दोन सवयींत मावते.

पृथ्वी तयार होत असताना ती बरीचशी वितळली. जड लोखंड मध्याकडे बुडालं आणि जाताना निकेल घेऊन गेलं. आज गाभ्यात सुमारे पाच टक्के निकेल असावं असा अंदाज आहे आणि पृथ्वीवरच्या एकूण निकेलपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त तिथेच आहे. गाभ्याभोवतीच्या प्रावरणात जेमतेम ०.२ टक्के उरलं. या प्रावरणाचा वरचा भाग मुख्यतः ऑलिव्हिनचा, म्हणून तिथलं उरलेलं निकेल त्यात जाऊन बसलं. पुढे प्रावरण थोडंसं वितळून शिलारस वर यायला लागला, तेव्हा ऑलिव्हिनने आपलं निकेल सहजी सोडलं नाही. जे थोडं शिलारसात उतरलं, त्यालाही वाटेत गळती लागली. शिलारस थंड होताना सर्वांत आधी स्फटिक बनतात त्यांत ऑलिव्हिन असतं. ते जड असल्यामुळे खाली बसतं आणि निकेलचा आणखी एक वाटा जमिनीखालीच राहतो. इतक्या चाळण्यांतून गेलेला लाव्हा तोरणमाळच्या उंचीवर पोचला, तेव्हा त्यात टनामागे पन्नास ते शंभर ग्रॅमच उरले होते.

हे ऑलिव्हिन बघता येतं. कातळाचा ताजा फुटलेला तुकडा उन्हात धरा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावा. करड्या-काळ्या दगडात पिवळसर हिरवे, काचेसारखे चमकणारे दाणे क्वचित दिसतात. तुकडा जुना, पावसापाण्यात पडलेला असेल, तर त्याच दाण्यांच्या जागी तांबूस-तपकिरी ठिपके असतात. ऑलिव्हिन फार लवकर कुजतं. प्रत्येक तुकड्यात ते डोळ्यांना सापडेलच असं नाही, पण सापडलं तर त्या दगडातलं बरंच निकेल आपल्या भिंगाखाली आहे असं समजायला हरकत नाही.

मग लाव्ह्याच्या प्रदेशात निकेलची खाण होतच नाही का? होते, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक तशीच आहे. सायबेरियातला नोरिल्स्क हा भाग दक्खनसारख्याच, पण सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या प्रदेशात येतो. तिथे वर येणारा शिलारस गंधकयुक्त गाळाच्या खडकांतून आणि कोळशाच्या थरांतून गेला. त्याला बाहेरून गंधक मिळालं आणि शिलारसात सल्फाइडचे जड थेंब तयार झाले. निकेलला लोखंडाइतकंच गंधकाचं आकर्षण. भोवतालच्या प्रचंड शिलारसातलं निकेल त्या थेंबांनी शोषून घेतलं, थेंब तळाशी साचले आणि पेंटलँडाइट या खनिजाचे साठे झाले. दक्खनमध्ये तसा मोठा साठा आजवर सापडलेला नाही. पण नंदुरबार-धुळे पट्ट्यात लाव्ह्याच्या जुन्या भेगा भरून निघालेल्या डाइकची दाटी आहे. मैलोन् मैल सरळ रेषेत जाणाऱ्या, शेतांतून भिंतीसारख्या वर आलेल्या या दगडी रांगा इथल्या माणसाच्या रोजच्या ओळखीच्या आहेत. भूशास्त्रज्ञांना त्यांचं मोल वेगळं वाटतं, कारण शिलारस कोणत्या वाटेने आला आणि वाटेत त्याने काय उचललं, हे तपासायला त्या हाताशी आहेत.

निकेलचं खरंखुरं, स्वतःचं खनिज आपल्याकडे बघायचं तर मात्र आकाशातून पडलेल्या दगडांकडे वळावं लागतं. मराठी मुलखात पडलेले दोन दगड इथे शेजारी ठेवण्यासारखे आहेत.

पहिला खानदेशातलाच. १८४३ साली मानेगावला पडलेली उल्का डायोजेनाइट या जातीची आहे. ती जवळजवळ पूर्णपणे पायरॉक्सिन या एकाच खनिजगटाची बनलेली असून तिच्यात धातू नावापुरता आहे. या जातीचे दगड व्हेस्टा या मोठ्या लघुग्रहावरून आलेले मानले जातात. व्हेस्टाही आपल्या पृथ्वीसारखा वितळला होता. त्याचंही लोखंड मध्याशी बुडालं आणि निकेल त्याच्याबरोबर गेलं. म्हणून मानेगावचा दगड आकाशातला असूनही निकेलच्या बाबतीत दरिद्रीच आहे.

दुसरा विदर्भातला. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात उल्कापाषाणांचा वर्षाव झाला. हे दगड एल-६ वर्गाचे कॉन्ड्राइट आहेत. ज्या लघुग्रहाचे ते तुकडे, तो तापला होता, पण आरपार वितळला नव्हता. त्यामुळे धातू मध्याशी न बुडता दगडभर विखुरलेला राहिला. या वर्गाच्या दगडात एकूण निकेल सव्वा टक्क्याच्या आसपास असतं, म्हणजे तोरणमाळच्या कातळाच्या शंभरपटीहून जास्त. आयआयटी खरगपूरच्या सुजय घोष यांच्या गटाने काटोलच्याच तुकड्यात ब्रिजमनाइट हे खनिज शोधून २०२१ साली जाहीर केलं. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात सर्वांत जास्त असणारं हे खनिज अंतराळातल्या टकरीच्या दाबाने त्या दगडात तयार झालं होतं. त्या बातमीमुळे काटोलचं नाव जगभर गेलं. मला मात्र अशा दगडांतले धातूचे साधे दाणेही तितकेच मोलाचे वाटतात.

अशा कॉन्ड्राइटचा कापलेला, घासून चकचकीत केलेला पृष्ठभाग पाहिला, तर करड्या दगडात चांदीसारखे ठिपके दिसतात. त्यांत मुख्यतः दोन खनिजं असतात. कॅमासाइटमध्ये निकेल सात टक्क्यांपर्यंत, टीनाइटमध्ये त्याहून कितीतरी जास्त. गरम असताना धातू एकजीव असतो. थंड होत गेला की निकेल कमी असलेला भाग आणि निकेल जास्त असलेला भाग वेगळे होऊ लागतात. निकेल टीनाइटच्या कडेकडे साचत जातं आणि तिथे त्याचं प्रमाण पन्नास टक्क्यांजवळ पोचतं. अणू जागा बदलत असतात, पण तापमान उतरतं तशी त्यांची हालचाल मंदावते. सुमारे ३२० अंश सेल्सिअसच्या खाली त्या कडेत आणखी एक बदल घडतो. तोवर लोखंड आणि निकेलचे अणू सरमिसळ बसलेले असतात. आता ते ओळी लावतात. उसात हरभऱ्याचं आंतरपीक घेताना एक ओळ याची, एक ओळ त्याची असते, तसा एक थर लोखंडाचा, एक थर निकेलचा. या शिस्तीने बसलेल्या धातूला टेट्राटीनाइट म्हणतात. रॉय क्लार्क आणि एडवर्ड स्कॉट यांनी १९८० साली ते नवं खनिज म्हणून मांडलं.

ही शिस्त लागायला वेळ लागतो, आणि तो माणसाच्या हिशेबातला नाही. तीनशे अंशांच्या आसपास एकेका अणूला एक उडी मारायला हजारो वर्षं लागतात. म्हणून दहा लाख वर्षांत काही अंश किंवा काही दशक अंश इतक्या संथपणे थंड झालेल्या खगोलातच टेट्राटीनाइट नीट वाढतं. तोरणमाळचा लाव्हा फार तर काही वर्षांत, दशकांत थंड झाला. त्यात पुरेसं निकेल असतं, तरी हे खनिज झालं नसतं.

सूक्ष्मदर्शकाखाली टेट्राटीनाइट मलईसारखं पांढुरकं दिसतं. घासलेल्या धातूवर सौम्य नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण लावलं की ओळख पटते. बाहेरची कड स्वच्छ, उजळ राहते आणि तिच्या आतला भाग धुरकट होतो. उजळ कड टेट्राटीनाइटची. धुरकट भागात त्याचेच अतिसूक्ष्म बेटांसारखे कण असतात, कडेजवळ मोठे आणि आत जाताना लहान. या बेटांचा आकार मोजून लघुग्रह किती वेगाने थंड झाला, ते काढता येतं. टकरीत पुन्हा तापलेल्या दगडात मात्र हे अणूंचे थर विस्कटतात. त्यामुळे टेट्राटीनाइट शाबूत आहे की मोडलं आहे, यावरूनही दगडाचा इतिहास वाचता येतो.

या खनिजाला चुंबकत्व जबरदस्त टिकवून धरता येतं. आजचे ताकदवान चुंबक निओडिमियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंवर अवलंबून असतात आणि पवनचक्क्या व विजेवर चालणाऱ्या गाड्यांना ते भरपूर लागतात. लोखंड आणि निकेल दोन्ही त्यांच्या मानाने सुलभ. अडचण वेळेची होती. केंब्रिज विद्यापीठाच्या लिंडसे ग्रीर आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली असा दावा केला, की मिश्रधातूत थोडं फॉस्फरस घातलं तर ओतकामातच हे थर काही सेकंदांत लागतात. दाव्याची कसून पडताळणी व्हायलाच हवी, पण दिशा महत्त्वाची आहे.

आपल्या शेतात उल्का वाटावी असा दगड मिळाला, तर? पहिली गोष्ट, खानदेशात लोहचुंबकाला चिकटणं हा पुरावा नाही. आपल्या कातळात मॅग्नेटाइट असतं आणि तेही चुंबकाकडे ओढलं जातं. गोमाई नदीच्या वाळूत चुंबक फिरवला तर त्याला काळी मिशी फुटते, ती याचीच. साखर कारखान्याच्या भट्टीतली राख-खंगर आणि लोखंडाची मळीही फसवते. तिला बहुधा बुडबुड्यांची भोकं असतात, उल्कापाषाणाला ती जवळजवळ नसतात. त्याच्यावर पातळ काळी साय असते, आतला रंग फिका असतो, कोपऱ्यावर धातूचे ठिपके चमकतात आणि दगड आकाराच्या मानाने जड लागतो. खात्री निकेलने होते. बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात करतात तीच डायमिथिलग्लायऑक्सिमची चाचणी. धातूचा कण आम्लात विरघळवायचा, लोखंड आड येऊ नये म्हणून टार्टारिक आम्ल घालायचं, अमोनियाने द्रावण किंचित अल्कधर्मी करायचं आणि डीएमजीचे थेंब सोडायचे. निकेल असेल तर गुलाबी-लाल साका खाली बसतो.

पण ही चाचणी तज्ज्ञांवर सोडावी. दगड धुऊ नये. जागा लिहून ठेवावी, फोटो घ्यावा, कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावं. आणि चुंबक दगडाला लावूच नये. लघुग्रहावर कधीकाळी चुंबकीय क्षेत्र होतं का, याची नोंद टेट्राटीनाइटचे हे कण अब्जावधी वर्षं जपून ठेवू शकतात. बाजारात मिळणारा जोरदार चुंबक एकदा टेकला, तरी ती नोंद पुसली जाऊ शकते.