कारखाना सिल्वासात, सही मुंबईत

सिल्वासात नवा ग्राहक मिळवायचा तर ऑफर दोन माणसांसाठी लिहावी लागते. एक मसाटच्या किंवा रखोलीच्या कारखान्यात मशीनपाशी उभा असतो. तो आपल्याला ओळखतो, चहा पाजतो, आपलं म्हणणं त्याला पटलेलं असतं. दुसरा मुंबईच्या हेड ऑफिसात बसतो. त्याने आपल्याला कधी पाहिलेलं नसतं, आणि सही त्याची लागते.

इथल्या उद्योगांची घडणच तशी आहे. 1954 मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटलेल्या आणि 1961 मध्ये भारतात विलीन झालेल्या या आदिवासी मुलखात पुढे करसवलतींमुळे कारखाने आले. पिपरिया, आमली, खडोली, सायली, नरोली. पॉलिएस्टर धागा, प्लास्टिक, तांबं. पैसा बराचसा मुंबई-सुरतेचा. सवलती सरल्या, 2017 मध्ये जीएसटी आला, तरी बऱ्याच युनिटांत मोठ्या खर्चाची मंजुरी आजही मुंबईहूनच येते.

मी कंप्रेसर आणि हवेच्या पाइपलाइनच्या ऑफर लिहितो, त्यामुळे माझा निम्मा वेळ टेक्स्चरायझिंग युनिटांत जातो. तिथे पीओवाय, म्हणजे अर्धवट ताणलेला धागा, तापवून, पीळ देऊन फुगवतात आणि जेटमधून हवेचा झोत मारून त्याचे तंतू एकमेकांत गुंतवतात. ही हवा करायला वीज जाते, आणि भरपूर जाते.

एन्क्वायरी बहुधा एका ओळीची असते: ‘160 किलोवॅट स्क्रू कंप्रेसर, बेस्ट रेट पाठवा.’ त्यावर लगेच भाव पाठवणारे पुष्कळ असतात. परचेसवाले ते आकडे कंपॅरेटिव्हमध्ये शेजारी शेजारी मांडतात, आणि मग फक्त आकडाच बोलतो. म्हणून मी आधी गेटपास काढतो.

आत गेल्यावर नव्या मशीनचा विषय मी काढत नाही. कंप्रेसर रूममध्ये उभं राहून कंप्रेसर किती वेळ लोडवर आहे आणि किती वेळ अनलोड, ते घड्याळ लावून लिहून घेतो. खरी गळती समजते ती मशीनं बंद असताना, आणि ही युनिटं रात्रंदिवस चालणारी. दिवाळीच्या किंवा होळीच्या सुट्टीत, नाहीतर देखभालीच्या शटडाउनमध्ये ती संधी साधावी लागते. धागा कुठेच चालू नसताना कंप्रेसर मिनिटभर लोड आणि चार मिनिटं अनलोड असा चालत राहिला, तर त्याच्या क्षमतेतली 20 टक्के हवा नुसती गळते आहे. सात बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक असलं, तरी सेकंदाला दहाएक लिटर हवा जाते. तेवढ्यासाठी कंप्रेसर तीन-चार किलोवॅट ओढत राहतो.

मग दाब पाहायचा. जेटला कमी दाब पुरतो. धागा ओवायच्या सक्शन गनला जास्त लागतो. लाइन एकच असली की गनसाठी लागणाऱ्या दाबाने सगळ्या युनिटची हवा तयार होते. सात बारच्या आसपास दाब एक बारने उतरवला तर साधारण सहा-सात टक्के वीज वाचते. 160 किलोवॅटचं मशीन वर्षाला 8 हजार तास चालतं असं धरलं, तर सहा टक्के म्हणजे जवळपास 77 हजार युनिट वीज. याला त्यांच्याच बिलातला दर लावायचा, आपल्या मनातला नाही. मेंटेनन्सच्या साहेबांनी त्या आकड्यावर मान डोलावली की ऑफरचं पहिलं पान तयार झालं. त्यांना हे दुखणं ठाऊक असतं. मुंबईला पटेल अशा भाषेत ते कागदावर आलेलं नसतं, एवढंच.

पहिल्या पानावर मी आमच्या फर्मची थोरवी लिहीत नाही; ती शेवटी, जोडपत्रात. पहिलं पान त्यांच्या कारखान्याचं: अमुक तारखेला हे मोजलं, इतकी वीज वाया जाते, हे काम केल्यास इतकी वाचेल, घातलेला पैसा इतक्या महिन्यांत फिटेल. मुंबईच्या अकाउंट्सवाल्यांनी तेवढंच वाचलं तरी चालावं.

ऑफर खरी पारखली जाते ती मात्र पुढे, ‘आमच्याकडे काय नाही’ या पानावर. ट्रक गेटवर उभा आहे आणि हायड्रा क्रेन कोणी मागवायची यावर वाद चालला आहे, हे दृश्य इथे सर्रास दिसतं. फाउंडेशन कोणाचं, केबल कुठपर्यंत, माल उतरवून जागेवर कोण बसवणार, जुनी लाइन कोण काढणार, हे एकेक ओळीत लिहायचं. कराचंही तसंच. वापी सिल्वासापासून तासाभराच्या आत, पण मध्ये गुजरातची हद्द. तिथून आलेल्या मालावर आयजीएसटी, सिल्वासातूनच घेतलेल्या मालावर सीजीएसटी आणि यूटीजीएसटी. टक्के तेवढेच, पण बिल ऑफरशी जुळलं नाही तर पेमेंट अडकतं.

पुढचं बोलणं भावाचं. ‘दहा टक्के कमी करा’ हे वाक्य येणारच. आकडा मुकाट्याने उतरवला तर आधीचा फुगवलेला होता असं समोरचा धरून चालतो, आणि त्याचं चुकत नाही. भाव उतरवायचा तर काम कमी करायचं: स्टँडबाय ड्रायर वगळा, पाइपलाइन दोन टप्प्यांत करा. ‘रिव्हिजन 1’ असं ठळक लिहून काय वगळलं ते पहिल्याच पानावर सांगायचं. ज्या युनिटांनी पुढे वर्षानुवर्षं काम दिलं, त्यांच्याशी विश्वास जुळला तो याच पानावर.

पीओ (परचेस ऑर्डर) आला की तो ऑफरशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडायचा. आपण डिलिव्हरी अॅडव्हान्स मिळाल्यापासून मोजलेली असते, पीओत ती पीओच्या तारखेपासून छापलेली असते; उशिराचा दंड मागच्या बारीक टायपात असतो. फरक दिसला तर त्याच दिवशी लेखी कळवायचं, त्याची प्रत कारखान्यालाही पाठवायची, आणि दुरुस्त पीओ हातात आल्यावरच मशीन बुक करायचं.